काटेबाई डिस्कचा वेग मोजतात

माझ्या मावशीला बाजारात नावानं कोणी ओळखत नसे. ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्या काट्यावर शिक्का मारायचा, हे तिचं काम. दुकानदारांनी तिला नाव ठेवलं होतं काटेबाई. काटे तपासते म्हणून काटेबाई, की पायात रुतते म्हणून काटेबाई, हे ज्याच्या त्याच्या तराजूवर अवलंबून होतं.

मावशीला ते नाव मनापासून आवडायचं. ती निवृत्त झाली त्या दिवशी बाजारात कोणीतरी "सुटलो बुवा एकदाचे" म्हणालं. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे काही कामाची होते मी," ती काकांना म्हणाली.

काका, म्हणजे तिचे यजमान, अगदी दुसऱ्या टोकाचे. जन्मभर शाळेत भाषा शिकवली. आवाज भरदार, स्वभाव भोळा, आणि मोजमापाचं वावडं. निवृत्तीनंतर ते अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करू लागले. घरातलं कपड्यांचं कपाट हा त्यांचा स्टुडिओ. लोंबत्या कोटांमध्ये तोंड खुपसून ते वाचत, म्हणजे आवाज घुमत नाही. घरी येणाऱ्याला आधी काकांची पाठ दिसायची, आणि कपाटाच्या आतून एखाद्या राजवाड्यातल्या खुनाची हकीकत ऐकू यायची.

बघता बघता वाचणारे वाढले. काकांचे जुने सहकारी आले, शेजारची दातांची डॉक्टरीण आली. मी संगणकाचं काम करते, तेव्हा भाचीच्या नात्यानं वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. मी एक स्वस्तातला व्हर्च्युअल सर्व्हर भाड्यानं घेतला आणि सगळी ध्वनिमुद्रणं तिथं ठेवायला सुरुवात केली.

थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या. वाचलेलं पाठवलं की पडद्यावर 'जतन होत आहे' अशी अक्षरं येत आणि एक चकती गोल गोल फिरत बसे.

"कपाटात घाम गाळायचा तो गाळायचा, वर इथं बसून चकती बघायची," काका कुरकुरले.

"डिस्क मंद असेल बहुतेक," मी म्हटलं. "स्वस्तातला सर्व्हर आहे. चालायचंच."

मावशी खिडकीत बसून काकांच्या शर्टाला बटण लावत होती. तिनं मान वर केली. "बहुतेक म्हणजे? मोजलंस?"

"नाही."

"मग मंद आहे हे तुला कुणी सांगितलं?"

मावशीनं सुई शर्टाला टोचून ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. "हा सर्व्हर म्हणजे नेमकं काय असतं ते मला नीट सांग."

मी सांगितलं. एक मोठं यंत्र असतं. कंपनी त्याच्या खोल्या पाडते आणि एकेक खोली एकेका भाडेकरूला देते. खोल्या वेगळ्या, पण खाली डिस्क बहुधा एकच, जशी इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी एकच असते. शेजाऱ्यानं नळ पूर्ण सोडला की आपली धार बारीक होते.

"आणि धार किती देणार, हे कंपनी सांगते?"

"वेगवान म्हणतात सगळेच."

"वेगवान!" मावशीच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की काकांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "आली, काटेबाई परत आली," ते पुटपुटले.

डिस्कवर भलीमोठी फाइल लिही आणि किती वेळ लागला ते सांग, अशी एक साधी आज्ञा असते. ती मी तिला शिकवली. पहिलंच उत्तर आलं ते डोळे दिपवणारं. मी खूश. मावशी मात्र पडद्याकडे संशयानं बघत राहिली.

"एवढं झरझर लिहितोय, तर मग चकती का फिरते? कुठंतरी पाणी मुरतंय. त्यानं लिहिलं म्हणजे कुठं लिहिलं?"

मी जरा चाचरले. "खरं म्हणजे आधी मेमरीत ठेवतो. डिस्कवर मागाहून उतरवतो."

"म्हणजे कारकुनानं अर्ज हातात घेतला आणि 'झालं तुमचं काम' म्हणून मोकळा झाला. नोंद अजून व्हायचीच आहे!"

त्या आज्ञेपुढं एक शब्द जोडता येतो. तो जोडला की डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत यंत्राला 'झालं' म्हणता येत नाही. तसं केलं आणि तो डोळे दिपवणारा आकडा धाडकन एक दशांशावर आला. मावशीनं टाळी वाजवली. "पोकळ वजन! वरून पितळ, आतून हवा. असली मी पोत्यानं पकडलीत."

त्या दिवसापासून तिला नवा बाजार सापडला. ती स्वस्त सर्व्हर शोधून काढी, तासाच्या बोलीनं घेई, सकाळी मोजे, दुपारी मोजे, संध्याकाळी सगळं जग कामावरून घरी येऊन इंटरनेटवर बसलं की पुन्हा मोजे, आणि मग परत करी. एकदा मोजून तिचं समाधान होत नसे. एका कंपनीच्या सर्व्हरनं पहिल्या खेपेला वाऱ्यासारखं लिहिलं आणि तिसऱ्या खेपेला धापा टाकल्या. मावशीनं आमच्या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात लिहिलं, 'हा दुकानदार पहिलं माप शीग लावून देतो. दुसऱ्या मापापासून हात आखडतो. गिऱ्हाइकानं पहिल्या मापावर जाऊ नये.'

लोकांना ती भाषा भलतीच आवडली. ज्यांचा पुस्तकांशी संबंध नाही असेही लोक तो कोपरा वाचायला येऊ लागले. कुणी विचारी, 'काटेबाई, अमक्याचं माप बघितलंत का?' मावशी सकाळचा चहा घेता घेता उत्तरं देई. पूर्वी बाजारातून फिरताना तिची मान जशी ताठ असे तशी आता खुर्चीत असायची.

आणि मग ती चुकली.

आमच्याच शहरातली एक छोटी कंपनी होती. तिथं तासाची सोय नव्हती, महिन्याच्याच बोलीवर सर्व्हर मिळे. मावशीनं तो घेतला, रोज संध्याकाळी मोजला, आणि रोज आकडा गोगलगायीचा. आठवडाभर पाहून तिनं लिहून टाकलं, 'इथं काटा हलतच नाही. पाटीवर वेगवान लिहिलंय, ती पाटी उतरवावी.'

दुसऱ्या दिवशी फोन आला. कंपनीचा मालक होता. आवाज तरुण, आणि रडकुंडीला आलेला.

"बाई, सकाळपासून तीन गिऱ्हाइकं सोडून गेली. माझी डिस्क चांगली आहे हो. तुम्ही शितावरून भाताची परीक्षा केलीत."

"आठवडाभर मोजलंय मी," मावशी म्हणाली. "शीत नव्हे, अख्खं पातेलं उपसलंय."

"मग इथं या. माझ्यासमोर मोजा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

निरीक्षकाला तपासणीचं बोलावणं आलं आणि त्यानं ते नाकारलं, असं कधी होत नाही. मावशीनं कामावरची जुनी पिशवी काढली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही त्याच संध्याकाळी निघालो.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला. खाली पंक्चरच्या रबराचा वास, वर थंडगार हवा आणि पंख्यांची घरघर. एका खोलीत उंच कपाटात यंत्रं रचलेली, हिरवे दिवे लुकलुकणारे, वायरी मात्र वेणी घातल्यासारख्या नीट बांधलेल्या. त्या वायरी पाहून मावशी जरा विरघळली, हे मला दिसलं. मालक माझ्याच वयाचा, सडपातळ, थंडीमुळं कानटोपी घातलेला.

"सरबत घ्याल?"

"तपासणीच्या आधी मी काही घेत नाही," मावशी म्हणाली.

त्यानं त्याच यंत्रावरची, आमच्या सर्व्हरशेजारची रिकामी खोली पडद्यावर उघडून दिली. मावशीनं स्वतःच्या हातानं मोजलं. आकडा चांगला आला. परत मोजलं, पुन्हा चांगला. मग आमच्या खोलीत मोजलं. गोगलगाय.

"बघा!" मावशी म्हणाली. "दाखवायची खोली वेगळी आणि द्यायची वेगळी."

मालकाचा चेहरा पडला. तो पडद्यावर काहीतरी उघडून बघू लागला, आणि एकदम थबकला. "बाई, तुमच्या खोलीत आत्ता कोणीतरी धो धो लिहितंय."

"माझ्या खोलीत? मी तर इथं उभी आहे!"

"नळ तुमच्याच घरातला चालू आहे. मी प्रत्येक खोलीची धार वेगळी बांधलीय, म्हणून शेजारी झळ नाही."

मी पुढं होऊन आमच्या सर्व्हरवर काय काय चाललंय त्याची यादी काढली. एक भलीमोठी नक्कल चालू होती. जुन्या सर्व्हरवरून फाइलींमागून फाइली येऊन पडत होत्या, आणि त्या क्षणी जी उतरत होती तिचं नाव होतं 'राजवाडा, प्रकरण सात'.

मावशीनं ते वाचलं. तिनं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"अहो, आत्ता काय करताय?"

"मी? काही नाही," काका म्हणाले. "ते बटण दाबलंय."

"कुठलं बटण?"

"आपल्या भाचीनं नक्कल काढायला दिलंय ते. कुठं ठेवायची ते निवडता येतं त्यात. अगं, एकाच ठिकाणी ठेवलेलं कधी दगा देईल सांगता येतं का? तुझा तो नवा सर्व्हर महिन्याच्या बोलीनं घेतलेला, आणि नुसता रिकामा पडलेला. म्हटलं, तिथं एक प्रत असू दे. रोज संध्याकाळी तुझी मोजायची वेळ झाली की मी दाबतो. तू कामात असतेस, तुला त्रास नको."

"रोज? एकदा दाबून पुरत नाही?"

"पुरं झालं की नाही ते कळत नाही ना. म्हणून रोज पहिल्यापासून."

मग मालकाच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. त्यानं घाईघाईनं कानटोपीनं तोंड झाकलं. मी हसू दाबायला भिंतीकडं वळले. मावशी मात्र लाल झाली होती. नोकरीभर जिच्या तपासणीवर कुणी बोट ठेवलं नाही, ती बाई आज एका अनोळखी मुलासमोर, नवऱ्याच्या हातून, तोंडघशी पडली होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती शेवटी म्हणाली. "अहो, ते बटण बंद करा. आणि पुन्हा विचारल्याशिवाय दाबू नका." फोन ठेवून ती मालकाकडं वळली. "चूक माझी आहे. मोजायच्या आधी पारडं रिकामं आहे का ते बघायचं असतं. हे मी नव्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी शिकवायचे. तुमचं नुकसान केलं मी."

मालक एकदम गोंधळला. ती भांडेल अशा तयारीनं तो बसला असावा. "असू दे हो, बाई. काकांचं वाचन छान आहे. माझी आजी ऐकते."

नक्कल थांबल्यावर मावशीनं पुन्हा मोजलं, आणि घरी येऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ असं आठवडाभर मोजलं. त्याच्याही आधी, ती घरी पोचली त्याच तासाला, आपल्या कोपऱ्यात सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मागचं माप खोटं होतं. काटा खरा होता, पारड्यात माझ्याच घरचं ओझं होतं. दुकानदाराची मी माफी मागते.' मी म्हटलं, जरा लहान अक्षरांत चालेल. ती म्हणाली, आरोप ज्या अक्षरांत केला, त्याहून लहान अक्षरांत माफी मागायची नसते.

ते वाचून सोडून गेलेल्यांतली दोन गिऱ्हाइकं परतली, आणि नवी बरीच आली. मालकाला वाटलं, आता आपण पहिल्या नंबरावर जाणार. आठवड्याअखेर मावशीनं नवं माप जाहीर केलं, तर तो अगदी मधोमध.

फोन आलाच. "मावशी, मधेच?" एव्हाना बाईची मावशी झाली होती.

"मधेच आहेस रे. तुझ्यापेक्षा भरभर लिहिणारे आहेत. पण तू सकाळी जेवढं देतोस तेवढंच संध्याकाळी देतोस, हे सगळ्यांना जमत नाही. तेही लिहिलंय मी. खालपर्यंत वाच."

त्यानं वाचलं. आणि पठ्ठ्यानं काय करावं? कंपनीच्या वेबसाइटवरचा 'वेगवान' शब्द काढून तिथं 'मध्यम, पण दिवसभर तेवढंच' असं लिहिलं. मावशी ते येईल-जाईल त्याला दाखवत सुटली.

आता पुस्तकांची सगळी ध्वनिमुद्रणं त्याच सर्व्हरवर असतात. पाठवलेलं मिनिटभरात जतन होतं, आणि चकती बघत बसायची वेळ कुणावर येत नाही. काकांचं बटण मी असं करून दिलंय की नवीन काही असेल तेवढंच उचलतं, आणि काम झालं की 'झालं' असं बोलून सांगतं. काकांना ते फार आवडलंय. नुसतं ऐकायला म्हणूनही ते मधूनमधून दाबतात.

मावशी दर आठवड्याला सायकलच्या दुकानावर जाते. मालक नव्या डिस्क विकत आणतो, त्या गिऱ्हाइकाला देण्याआधी ती तपासते. परवा मी तिला न्यायला गेले तर दोघांची जोरात जुंपली होती. नव्या चारांपैकी एक डिस्क तासाभरानं दमते असं मावशीचं म्हणणं, आणि एवढं कुणाच्या लक्षात येतंय असं त्याचं.

"माझ्या आलंय," मावशी म्हणाली.

मालकानं माझ्याकडं बघून हात जोडले, डिस्क खोक्यात घातली आणि परत पाठवायला चिकटपट्टी शोधू लागला. मावशीनं खुर्चीत जरा रेलून पाय लांब केले. "तपासणी झाली," ती म्हणाली. "आता सरबत आण."