एका प्रथिनाचे दोन वाटेकरी

माल पडून राहिला की त्याचा भाव उतरतो. किस्से मात्र पडून राहिले की चढतात! नगरला माझं काचसामान आणि केमिकलचं दुकान. गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातली कॉलेजं. नव्वदच्या दशकात तिथल्या एकाच लॅबमधून इतके किस्से आले, की त्यांच्यासाठी वेगळं गोदाम घ्यावं लागलं असतं.

त्या लॅबमध्ये दोन टेबलं. एक गायकवाड सरांचं, दुसरं गायकवाड मॅडमचं. नवरा-बायको! आणि दोघांचं संशोधन एकाच प्रथिनावर. एक पेशी ते बाहेर सोडते आणि ते दुसऱ्या पेशीला निरोप पोचवतं. त्या प्रथिनाचे घट्ट गोळे किती, ज्यांना डोमेन म्हणतात, ते सर शोधत. त्यातले गंधकाचे बंध कुठून कुठे जातात, ते मॅडम शोधत.

बरं चाललं होतं. तेवढ्यात प्राचार्यांनी जाहीर केलं, "बंगळूरच्या परिषदेला कॉलेज एकालाच पाठवणार."

झालं! दुसऱ्या दिवशी लॅबच्या फ्रिजला आतून मधोमध चिकटपट्टी.

"सर, तुमचं काहीतरी माझ्या हद्दीत आलंय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तो आपल्या दोघांचा जेवणाचा डबा आहे!"

*

सर दुकानात येत, स्टुलावर बसत आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारत, "शेठ, मॅडमनी काय मागवलंय हो सध्या?"

ते गेले की थोड्या वेळानं मॅडम हजर. "सर येऊन गेले ना? काय म्हणत होते?"

मी दोघांनाही चहा पाजायचो. वैद्यानं आणि दुकानदारानं एकाचं दुसऱ्याला सांगू नये. पण एकदा मॅडम कप खाली ठेवत म्हणाल्या, "शेठ, तुम्ही काही सांगू नका. ते काय विचारून गेले, ते तुमच्या तोंडावर दिसतंय!"

*

आता माझंही ऐका. मॅडमनी एकदा पेप्सिन मागवलं, ते माझ्याकडून नाही, पुण्याच्या डीलरकडून! बर्फाची पेटी घेऊन तो स्वतः आला. गळ्यात टाय. मॅडम म्हणाल्या, "किती व्यवस्थित माणूस आहे!"

पेप्सिन हे पोटातलं रसायन खरं, पण पोटात दुखलं माझ्या.

मी नववी नापास. रात्रभर... नको, तो पाढा नको वाचायला. एवढंच सांगतो, जुन्या बाजारातून पुस्तकं आणून वाचली. पेप्सिननं प्रथिन कापायचं काम आंबट पाण्यात करावं लागतं, नाहीतर बंध आपापसांत जोड्या बदलतात, हे मला कळलं. पुण्यावाल्याला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. तरी मॅडमच्या तोंडी त्याचा टाय!

शेवटी मीही टाय लावून लॅबमध्ये गेलो. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "काय शेठ, दुकान बंद करून नोकरी शोधताय?"

*

सरांच्या आई सोनईला असत. एकदा नगरला आल्या आणि सुनेचं काम बघायचंच म्हणून लॅबमध्ये बसल्या. मी तिथंच होतो. म्हटलं, "मावशी, समजा लांब दोरा गुंडाळला. त्याची गठुडी झाली. वर जागोजाग गाठी मारल्या. तुमचे चिरंजीव गठुडी मोजतात, आणि कुठली गाठ कुठं ते सूनबाई बघतात."

"मंग सोडायच्या की गाठी! हाय काय त्यात?"

मॅडम म्हणाल्या, "आई, आधीच सोडल्या तर कोण कोणाला बांधलं होतं ते कसं कळणार?"

मावशींनी सुनेकडं पाहिलं, मग मुलाकडं. "हिला डोकं हाय. आमचं येडं नुसती गठुडी मोजतंय!"

त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

*

मर्कॅप्टोइथेनॉल नावाचं एक द्रव्य असतं. गंधकाचे बंध तोडतं आणि सडक्या अंड्यासारखं घाण मारतं. सरांचं संपलं होतं. नवा माल यायला वेळ होता. मॅडमच्या टेबलावर भरलेली बाटली.

"मागा की सर, एक थेंब तर लागतो," मी म्हटलं.

"तिच्याकडून? त्यापेक्षा त्याच्याशिवाय करतो!"

आणि खरंच केलं. प्रथिनावर जरा वेळ ट्रिप्सिन सोडलं. ते सैल जागी कापतं, घट्ट गोळे तसेच राहतात. मग नमुना जेलवर चालवला; त्यात जितक्या आकारांचे तुकडे, तितक्या पट्ट्या दिसतात. पट्टी आली एकच! सर नाचत प्राचार्यांकडं गेले. "तुकडे झालेच नाहीत! अखंड! एकच डोमेन!" बंगळूर त्यांचं ठरलं.

जाण्याआधी कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं. सरांनी जेलचा फोटो दाखवला, टाळ्या झाल्या. "काही शंका?"

मागच्या रांगेतून मॅडम उठल्या. पर्समधून बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "सर, हे घातलं होतं?"

"गरज नव्हती."

"तुमचाच नमुना, एक थेंब माझा. सर्वांसमोर."

टोपण उघडताच प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावला. जेल लावलं, चालवलं, रंगवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते धुऊन स्वच्छ झालं तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो.

दोन पट्ट्या!

तुकडे पहिल्यापासून झालेले. बंधानं धरून ठेवले होते, इतकंच. प्राचार्य हळूच म्हणाले, "मॅडम, तिकिटावरचं नाव बदलून घेऊ."

सर जेलवर आणखी वाकले. मग सगळ्यांसमोर, मॅडम-बिडम विसरून म्हणाले, "अगं, पण दोघांना धरून ठेवणारा तो बंध कुठला?"

मॅडमनी बाटलीचं टोपण घट्ट लावलं.

"ते मी बंगळूरला सांगणार आहे. ऐकायचं असेल तर स्वतःच्या तिकिटानं या!"