उलट्या टिकल्या

आमच्या घरात डिशवॉशर पाच वर्षं होता आणि तो एकदाच चालवला गेला.

एरवी त्यात आम्ही घासलेली भांडी निथळत ठेवायचो. (अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांत तो त्याचसाठी असतो. उरलेली निम्मी घरं खोटं बोलतात.) भांडी सुनीता, म्हणजे माझी बायको, हातानंच घासायची. "कुकरच्या झाकणाचा कोपरा मशीनला काय कळतोय?" असा तिचा सवाल होता. तर तो डिशवॉशर मी एकदाच चालवला, आणि त्या एका धुण्यात वडिलांचं नाव धुऊन टाकलं.

गोष्ट दोन हजार चारची. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहायचो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी चाकांच्या बॅलन्सिंगचं काम करायचो. (हे लक्षात ठेवा, पुढं मला लाज आणायला उपयोगी पडेल.) मे महिन्यात आई-अप्पा सहा महिन्यांसाठी आले. अप्पा कऱ्हाडजवळच्या एका हायस्कुलात तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होते. शाळेच्या गुणवंतांच्या फळ्यावर दर वर्षी पांढऱ्या ऑइलपेंटनं नावं रंगवायचं काम त्यांचं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पोरं फळ्यावर चढवली. स्वतःचं पोरगं चढवायची संधी मी त्यांना दिली नाही.

ट्रॉयला अप्पांना करायला काहीच नव्हतं. ते खिडकीत उभे राहायचे.

"चालत जाणारा माणूस दिसला तर मला हाक मारा," आई म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात एक दिसला. तो पोस्टमन निघाला.

मग मी लायब्ररीतून एका ब्रिटिश विनोदी सिनेमाची डीव्हीडी आणली. लॉन बोल्स नावाचा खेळ, कापलेल्या हिरवळीवर पांढरेशुभ्र कपडे घालून चेंडू घरंगळत सोडायचे, आणि एक साधासुधा गडी क्लबातल्या नाक वर करून चालणाऱ्यांची जिरवतो, अशी गोष्ट. अप्पांना त्यातलं इंग्रजी कळलं नाही, तरी त्यांनी तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, "या गोट्याच आहेत की रे. जरा शिकलेल्या."

असा एक क्लब आमच्यापासून वीस मिनिटांवर निघाला. अकरा मेंबर, सगळे सत्तरीपुढचे. अध्यक्ष वॉल्टर, रिटायर्ड प्लंबर. नियम पहिला : कपडे पांढरे हवेत. अप्पा त्यांच्या रोजच्या पांढऱ्या पायजमा-सदऱ्यात उभे होते. वॉल्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खूश होऊन हात मिळवला. मग माझ्या जीन्सकडे पाहिलं आणि मला बाक दाखवला. तिथून पुढं पाच महिने माझी जागा तीच. काम एकच, दुभाष्याचं. ड्रॉइंग मास्तर म्हणून ओळख करून दिली होती, म्हणून वॉल्टर अप्पांना "मास्टर" म्हणू लागला.

खेळ सांगायला सोपा आहे. लांबवर एक छोटा पांढरा चेंडू ठेवायचा आणि आपले चार मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. गोम अशी, की मोठा चेंडू एका बाजूला मुद्दाम जड केलेला असतो. तो सरळ जातच नाही, वेग कमी झाला की जड बाजूला वळतो. म्हणून ती बाजू कुठली हे हातात घेतानाच कळावं लागतं. क्लबाचे चेंडू जुने, त्यावरच्या खुणा झिजलेल्या. वॉल्टरनं त्यावर कागदी टिकल्या चिकटवल्या होत्या. जड बाजूला लहान टिकली, दुसऱ्या बाजूला मोठी.

अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला होता. त्यांना दोन्ही टिकल्या सारख्याच दिसायच्या. पण सरावात वॉल्टर शेजारी असायचा आणि चेंडू नीट फिरवून त्यांच्या हातात द्यायचा. पुढं गोट्यांचा हात होताच. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही.

क्लबाच्या खोलीत दर वर्षीच्या विजेत्या जोड्यांचा लाकडी फळा होता. अक्षरं उडालेली. अप्पांनी ब्रश मागवले आणि ऑगस्टभर बसून सगळी नावं नव्यानं रंगवली. शेवटची चार वर्षं एकच जोडी जिंकली होती, एक डेंटिस्ट आणि त्याचा मेव्हणा. डेंटिस्टचं आडनाव अकरा अक्षरी. ते चारदा रंगवून अप्पांचा हात भरून आला. त्याखाली एक ओळ रिकामी होती. अप्पांनी पट्टी लावून ती मोजली.

"दोन नावं बसतात," ते म्हणाले. "वॉल्टरचं आणि माझं."

त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागणंही त्यांनी पट्टीकडे बघून केलं.

आणि दोघं फायनलला पोचले. सामना ऑक्टोबरातल्या रविवारी, अप्पांचं परतीचं तिकीट पुढच्या शनिवारचं.

सामन्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. आईनं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. गाडी, लॅपटॉप, सुनीताचा मिक्सर आणि पाटावर अप्पांनी क्लबातून घरी आणलेले चार चेंडू.

"हळद नको," अप्पा आईला सांगत होते. "नुसतं कुंकू. मोठा टिळा लाव. आणि याच बाजूला, मी धरतो तिथं."

मी ऐकलं. पण म्हाताऱ्यांच्या पूजेत आपण कशाला लक्ष घालावं, असा माझा स्वभाव. आता खरं सांगायचं तर स्वभाव नव्हे, लाज. गाडीचं कुंकू मी दर वर्षी ऑफिसला जायच्या आत पुसायचो. पार्किंगमधल्या गोऱ्या माणसाला मला "हे काय?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं.

रविवारी सकाळी अप्पा आंघोळीला गेले आणि मला पाटावरचे ते चार चेंडू दिसले. प्रत्येकावर रुपयाएवढा लालभडक टिळा. डेंटिस्टचा मेव्हणा बघून हसणार, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. मी चेंडू पुसायला घेतले तर कुंकू आणखी पसरलं. एकेक चेंडू लग्नातून आल्यासारखा दिसू लागला. मग मी डिशवॉशर उघडला, आतली वाळलेली ताटं बाहेर काढली, चारी चेंडू आत ठेवले आणि बटण दाबलं.

"घरात कोण दळतंय?" आईनं आतून विचारलं.

चेंडू स्वच्छ निघाले. इतके, की टिकल्याही निघाल्या. आठच्या आठ तळाशी पोहत होत्या.

पण मी चाकांच्या बॅलन्सिंगमधला माणूस. घाबरलो नाही. प्रत्येक चेंडू ओट्यावर ठेवून जड बाजू कुठली ते दोन मिनिटांत शोधून काढली. आणि विचार केला : जड बाजूला अर्थातच मोठी टिकली. गोंद लावून आठही टिकल्या बसवल्या. चारी चेंडूंवर, शास्त्रशुद्ध पद्धतीनं, उलट्या.

आधीच्या फेऱ्यांत चालवून घेतलं होतं, पण फायनलमध्ये वॉल्टर अप्पांच्या शेजारी नसणार, पलीकडच्या टोकाला उभा राहून दिशा दाखवणार, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे मात्र अप्पांनी चेंडू हातात घेतला तेव्हा कळलं. त्यांनी तो फिरवून कुंकू शोधलं. पुन्हा फिरवला. शेवटी चष्मा वर करून टिकली नाकाशी नेली आणि चेंडू सोडला.

चेंडू डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला आणि हिरवळीच्या शेजारच्या पट्टीत जाऊन दुसऱ्यांच्या खेळात उभा राहिला. दुसराही तसाच. तिसऱ्याला अप्पांनी आपलाच हात चुकला समजून मनगट बदललं, तो थेट हिरवळीच्या कडेच्या चरात गेला. डेंटिस्ट हसला नाही. तो सहानुभूतीनं मान हलवत होता, ते जास्त वाईट होतं.

वॉल्टर हिरवळ पार करून माझ्याकडे आला. "आस्क मास्टर, व्हॉट्स राँग?"

मी अप्पांना विचारलं.

"त्याला सांग," अप्पा म्हणाले, "मला टिकल्या उलट्या वाटतात. एकदा हातात घेऊन बघ म्हणावं."

साधं वाक्य होतं. बारावीपर्यंतचं इंग्रजी पुरलं असतं. पण ते बोललं की पुढं डिशवॉशर येणार, त्यामागून कुंकू येणार आणि त्यामागून मी.

"ही सेज ही इज टायर्ड," मी म्हणालो.

वॉल्टरचा चेहरा उतरला. त्यानं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सावकाश खेळा, हरलो तरी चालेल.

"काय म्हणाला?" अप्पांनी विचारलं.

"टिकल्या बरोबर आहेत म्हणाला."

यावर अप्पांचा पूर्ण विश्वास बसला, कारण वॉल्टर खोटं बोलणारा माणूस नव्हता. पुढचा दीड तास ते वॉल्टरच्या शब्दावर खेळले. ते दोघं किती फरकानं हरले ते मी इथं लिहीत नाही. माझ्याकडे दीड तास होता, बाकापासून हिरवळ वीस पावलांवर होती, आणि मी उठलो नाही.

घरी आल्यावर अप्पांनी चहासुद्धा घेतला नाही. एक चेंडू घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर सोडला. तो उलटा वळून फ्रिजला लागला. दुसरा सोडला. तोही फ्रिजला.

"कुंकू कुणी पुसलं?"

सुनीतानं डिशवॉशरकडे पाहिलं. आईनं तो उघडला. तळाचं पाणी अजून तांबूस होतं.

"मी जड बाजूला लावून घेतलं होतं ते," अप्पा म्हणाले. "लाल तेवढं मला दिसतं."

मी डिशवॉशरचं दार लावलं.

"आणि वॉल्टरला तू काय सांगितलंस?"

"तुम्ही दमलात म्हणून."

"मी दमलो नव्हतो," अप्पा म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पंचेचाळीस मुलांच्या वर्गातही ते कधी ओरडले नव्हते, माझ्या एकट्यासाठी कशाला ओरडतील? मला इतकी लाज वाटली, की आदल्या सगळ्या लाजा त्यापुढं हौसेच्या वाटल्या.

"त्याला फोन लाव," अप्पा म्हणाले. "आणि या वेळी बरोबर सांग."

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, टिकल्या, भाषांतर. मग वॉल्टरनं एवढंच विचारलं, "यू पुट माय बोल्स इन द डिशवॉशर?" चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला बाकीचं क्षम्य वाटलं असावं. निकाल मात्र बदलला नाही. नियम तो नियम, आणि अप्पांनाही तसंच हवं होतं.

शुक्रवारी अप्पांनी फळ्याची रिकामी ओळ भरली. डेंटिस्टचं अकरा अक्षरी आडनाव, पाचव्यांदा. ऑइलपेंटचा डबा मी धरून उभा होतो. एकही अक्षर हललं नाही. मग त्यांनी चार चेंडूंच्या जड बाजूला लाल रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिला आणि वॉल्टरला दाखवला. वॉल्टरनं नखानं खरवडून पाहिला.

"व्हेरी गुड," अप्पा म्हणाले. "नो वॉश."

उरलेला पांढरा रंग त्यांनी घरी आणला. शनिवारी आम्ही विमानतळावरून परत आलो, तेव्हा डिशवॉशरच्या काळ्या दारावर सुबक देवनागरीत लिहिलेलं दिसलं :

सूचना : येथे फक्त भांडी धुवावीत. हुकुमावरून.

मी ते पुसलं नाही.

पुढं दोन हजार आठच्या मंदीत माझी नोकरी गेली आणि आम्ही घर विकायला काढलं. घर बघायला आलेल्या गोऱ्या बाई स्वयंपाकघरात थबकल्या. किती सुंदर अक्षर, म्हणाल्या, याचा अर्थ काय?

सुनीता माझ्याकडे बघत राहिली. चार वर्षांनी मला पुन्हा एक साधं वाक्य भाषांतराला आलं होतं.

"अ ब्लेसिंग," मी म्हणालो. "फ्रॉम माय फादर."

बाईंनी डिशवॉशरला हात जोडले. मीही जोडले.