मामांचं स्वतःचं तोंड

मामा सकाळी गेले आणि दुपारपर्यंत राजारामपुरीच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. डोळे तिरळे, जीभ बाहेर आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. श्रद्धांजली वाहणारे पुढारी मात्र गंभीर होते, आणि आकारानं जवळजवळ मामांएवढेच. रिक्षावाले वर बघत, हसत आणि पुढं जात.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. कुरुंदवाडकडच्या जत्रांत वगात कामं करता करता कोल्हापूरच्या स्टुडिओत आले. पहिल्याच सिनेमात नायकानं कानाखाली मारली, मामांनी डोळे तिरळे केले आणि थिएटर लोळलं. त्यानंतर कुठल्याच निर्मात्यानं त्यांना कानाखाली खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. कुणी कॅमेरा काढला की मामांचे डोळे फिरायचे. स्वतःच्या लग्नातसुद्धा.

मामींचं म्हणणं एवढंच होतं, "बाहेर लोकांनी काय लावायचं ते लावू दे. माझ्या घरात ह्यांचं स्वतःचं तोंड पायजे."

सगळे अल्बम उपसल्यावर एक फोटो सापडला. दोन शॉटच्या मधे खुर्चीवर बसलेले, कुणी फोटो काढतंय याचा पत्ता नसलेले मामा. थकलेला, जरासा चिडका माणूस. मी तो मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला. मला रडू येत नव्हतं. चौकट सरळ आहे ना, एवढंच मी बघत होतो.

समाचाराला येणारे गोंधळू लागले. एका बाईंनी मामींना विचारलं, "हे तुमचे वडील का?" मामींनी नुसतं पाणी पुढं केलं.

चौथ्या दिवशी मलकापूरहून एक म्हातारा हार घेऊन आला. दारात उभा राहून सगळ्या भिंती बघू लागला.

"पावणं, फोटो समोर हाय की," मी म्हणालो.

"ह्यो? ह्यो कोन?"

"तेच," मामी म्हणाल्या. "आमचं मालक."

"न्हाय ओ वैनी. मी वळखतो की त्यास्नी. आमची म्हातारी आजारात जेवायची न्हाय. त्यांचा पिच्चर लावला की दोन घास खायाची." त्यानं फोटो पुन्हा न्याहाळला. भलत्याच माणसाला हार घालायची त्याची तयारी नव्हती. "ऱ्हाऊ दे. चौकातल्याला घालतो."

तो वळला. मामी चटईवरून उठल्या, पदर सारखा केला, फोटोखाली उभ्या राहिल्या आणि डोळे तिरळे करून जीभ बाहेर काढली. हुबेहूब. फ्लेक्सवरच्यापेक्षा चांगलं.

म्हातारा खदखदून हसला. मग तोंडावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"आता पटलं?"

त्यानं मान हलवली आणि हार फोटोला घातला. मामी खाली बसल्या. डोळे जागेवर यायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "एसटी मिळाली का वेळेवर?"