‘त’ म्हणजे तार नव्हे

डॉ. गिरिजा होसकेरी यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बाईचं मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. निपाणीतला त्यांचा जुना दवाखाना, सकाळची वेळ, बाहेर बाकावर तंबाखूच्या वखारीतल्या बायका. मी त्यांचं ईसीजीचं मशीन दुरुस्त करायला गेलो होतो. रेघ थरथरते अशी तक्रार होती. मी हातात पेटी घेऊन थांबलो. एक मिनिट होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. पेशंट गेल्यावर मी शहाणपणानं विचारलं, की पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर काम लवकर होणार नाही का? बाई म्हणाल्या, “गुणाकारात चुकलेला ठोका सापडत नाही, मिस्त्री.”

त्यांची मातृभाषा कन्नड. निपाणीत येऊन त्या मराठी शिकल्या त्या पेशंटांकडून, त्यामुळे शब्द सगळे इथले, पण लिंग कुठलंही. ‘पोट दुखतो का’, ‘मशीन हलतो’ असं त्या बोलत. मी दहावीला दोनदा बसलेला माणूस, रेडिओपासून रक्तदाबाच्या यंत्रापर्यंत सगळं पुस्तकं वाचून आणि उघडून शिकलेला. पण व्याकरणाच्या बाबतीत मी कुणाला सोडत नसे. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, “बाई, मशीन हलतं.” त्यांनी ते मान डोलवून ऐकून घेतलं. पुढं पंचवीस वर्षं त्या माझ्या दुरुस्त्या अशाच ऐकून घेत आल्या आहेत.

बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथासाठी संपादक मंडळानं माझ्याकडं यंत्राची तांत्रिक बाजू मागितली आहे, दोन पानांत. ती मी देतो. पण त्या बाजूतच एक गोष्ट अडकलेली आहे, आणि ती काढल्याशिवाय उरलेलं लिहिणं मला जमेना. बेळगावात आजही जुने डॉक्टर सांगतात, की होसकेरीबाईंचं यंत्र पहिल्या प्रयोगात भर सभेत फसलं आणि बाईंनी मोठ्या मनानं आपली चूक कबूल केली. याच ग्रंथात कुणीतरी त्यांच्या नम्रतेचा दाखला म्हणून हा प्रसंग लिहील अशी मला भीती आहे. त्या लेखाशेजारी माझा हा लेख असावा.

आधी यंत्र. त्याचा उगम एका पोलक्याच्या बटणात आहे. वखारीतली एक बाई छातीत धडधडतं म्हणून आली होती. ईसीजी काढायला छाती उघडी करावी लागते, वायरी चिकटवाव्या लागतात, आणि त्या दिवशी खोलीत मशीन चालवायला पुरुष होता. ती बाई पहिल्या बटणाला हात लावून थांबली, पदर सावरला आणि निघून गेली. परत आली नाही. तिच्या घरी होसकेरीबाई स्वतः गेल्या तेव्हा दारात मांडव होता, आणि तो लग्नाचा नव्हता. आठवड्याभरानं मला बोलावून त्यांनी विचारलं, “कपडे न काढता, अंगाला हात न लावता ठोका दिसेल का?”

त्याचं उत्तर बाईंनीच वाचून काढलं होतं. हृदय रक्त ढकलतं तेव्हा सगळ्या शरीराला एक बारीक धक्का बसतो. आपल्याला तो कळत नाही, पण माणूस बसला आहे त्या आसनाला कळतो. मी एक चौरंग घेतला. त्याच्या चार पायांखाली चार पितळी चकत्या बसवल्या, स्वस्त घड्याळाच्या गजरात असतात तशा. दाब बदलला की त्या चकत्या अगदी थोडी वीज देतात. ती वाढवायची, गाळायची, कागदाच्या पट्टीवर रेघ काढायची. सांगायला चार वाक्यं, करायला दोन वर्षं लागली. चकतीला तार जोडताना कथलाचा डाग जास्त तापला की ती मरते. हमरस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की दवाखान्याची फरशी हलते आणि ट्रकचा ठोका रेघेत येतो. त्यासाठी मी पायांखाली रबर किती जाडीचं घातलं ते विचारू नका, नऊ प्रकार करून पाहिले.

यंत्राला पहिली हरकत विजेची आली नाही, देवाची आली. म्हाताऱ्या बायका चौरंगावर बसेनात. एक आजी म्हणाल्या, “ह्याच्यावर गणपती बसतोय बाई, मी कशी बसू?” दुसरीचे गुडघे वाकत नव्हते. बाईंनी दोन्हींवर एकच उपाय काढला. पाय उंच करून घेतले, वर निळा रंग दिला, आणि चौरंगाचं स्टूल झालं. मी त्याला शास्त्रीय नाव शोधत होतो तोवर पेशंटांनी त्याला ‘निळं स्टूल’ म्हणून टाकलं, आणि तेच राहिलं.

बाईंची कामाची पद्धत अशी, की स्टुलावर पट्टी निघत असताना त्या शेजारी बसून पेशंटचं मनगट धरत. यंत्र एकीकडं, बोट दुसरीकडं. बोटाला काय लागलं ते त्या पट्टीवर पेन्सिलीनं मांडत. या पट्ट्यांचा गठ्ठा दर पंधरवड्याला माझ्या दुकानात येई. आता इथं एक खुलासा करावा लागतो. मला कन्नड बोलायला येतं, इथं कुणाला येत नाही? पण लिपी वाचायची नाही असं मी तरुणपणीच ठरवलं होतं. सीमाभागात लिपीचा हट्ट काय असतो हे या ग्रंथाच्या वाचकांना सांगायला नको. बाईंना माझा हट्ट माहीत होता. माझ्यासाठी येणाऱ्या सगळ्या खुणा त्या देवनागरीत करू लागल्या, एवढंच.

बेळगावच्या डॉक्टरांपुढं यंत्र दाखवायचं ठरलं त्याच्या महिनाभर आधी जो गठ्ठा आला, त्यात बऱ्याच पट्ट्यांवर रेघ मध्येच सपाट झाली होती, आणि प्रत्येक सपाट जागेवर बाईंनी नीट अक्षरात लिहिलं होतं, ‘त’.

‘त’ म्हणजे तार, असं मी वाचलं. त्या आठवड्यात चकत्यांच्या तारांनी मला खरोखर सतावलं होतं. तार ढिली झाली की रेघ अशीच सपाट होते. बाईंनी माझे दोष वेचून पाठवलेत असं मला वाटलं, आणि ते झोंबलं. दवाखाना माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर. जाऊन ‘बाई, त म्हणजे काय?’ एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही. ज्याला सगळं कळतं त्यानं विचारायचं कसं? मी स्टूल दुकानात आणून सभेपर्यंत तिथंच ठेवलं, सगळ्या तारा बदलल्या, आणि वर यंत्रात एक युक्ती घातली. ठोका यायच्या वेळी आला नाही, तर तार हलली असं समजून यंत्रानं मागच्या ठोक्याची नक्कल तिथं बसवायची. पट्टी अशी स्वच्छ यायला लागली, की मी ती दुकानात काचेखाली लावली.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा वखारीत पाला निवडायला जायची. मधूनच काळीज थांबल्यागत होतंय, अंधारी येतीय, असं ती म्हणत होती. मी तिला स्टुलावर बसवलं, पट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. “बघ, एक बी ठोका चुकला न्हाय.” आक्का चौथी शिकलेली. तिनं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, “मशीन म्हणतंय तर मलाच खोटं वाटत असंल रं.” ती डॉक्टरकडं गेली नाही. तीन आठवडे ती तशीच कामाला जात राहिली.

सभेसाठी मी तिलाच नेलं. बायांत धीट म्हणून, आणि तिची पट्टी सुंदर येत होती म्हणून. निघताना बाईंनी विचारलं, आक्कांना मी एकदा तपासू का. मी म्हणालो, कालच मी पट्टी काढलीय, एकदम स्वच्छ आहे. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला.

सभागृहात चाळीस-पन्नास डॉक्टर होते. आक्का इरकलीचा पदर घट्ट धरून स्टुलावर बसली. सभेसाठी जोडलेल्या पडद्यावर रेघ चालू झाली, घड्याळासारखी. मी टेबलाशी उभा होतो आणि सगळ्यांना दिसावं म्हणून जरा बाजूला सरकलो. पहिल्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर उठून आले आणि त्यांनी सहज तिचं मनगट धरलं. थोड्या वेळानं ते पडद्याकडं बघत म्हणाले, “इथं ठोका चुकतोय. हा चुकला. हा बघा, दोन चुकले. तुमच्या पडद्यावर तर एकही चुकत नाही.” मागून कुणीतरी म्हणालं, मग हे यंत्र सगळ्यांना पासच करतंय. हशा झाला.

बाईंनी पुढं होऊन आक्काचं दुसरं मनगट धरलं. मग पडद्याकडं पाहिलं, आणि एकदा माझ्याकडं. त्या नजरेत विचारणा होती, आरोप नव्हता. यंत्राच्या आतलं सगळं काम माझं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या सभेकडं वळल्या आणि म्हणाल्या, “चूक माझा आहे.”

त्या वाक्यावर पुन्हा थोडे लोक हसले, व्याकरणाला. मशीनला ‘हलतं’ म्हणा असं सांगणारा मी तिथं चार हातांवर उभा होतो. त्या वाक्यातला ‘माझा’ कुणाचा होता हे फक्त मला ठाऊक होतं. मी वायरी गुंडाळत राहिलो.

बाईंनी यंत्राचा विषय तिथंच टाकला आणि आक्काला घेऊन सरळ इस्पितळात गेल्या. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खाली पोचत नव्हता. त्याच आठवड्यात तिला पेसमेकर बसला. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर ही चक्कर येऊन पडली असती ती उठली नसती.

सभेच्या दिवशी आक्काला भरती करून परतताना, गाडीत, बाईंनी मला हळू विचारलं की पट्ट्यांवरच्या ‘त’चं मी काय केलं. मी म्हणालो, तारेचा दोष होता तो, काढून टाकला.

“तप्पितु, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “ठोका तप्पितु. तार नव्हे.”

तप्पितु म्हणजे चुकला. हा शब्द मी बाजारात रोज ऐकतो आणि वापरतो. बाईंनी माझ्यासाठी अक्षर मराठी घेतलं होतं, शब्द त्यांच्या मनात आला तो त्यांच्या भाषेतला. आणि त्या खुणा दोषाच्या नव्हत्याच. जिथं जिथं त्यांच्या बोटाला ठोका चुकलेला लागला, तिथं तिथं आमच्या यंत्रानंही तो चुकलेला दाखवला होता. बाईंनी आनंदानं ते मांडून पाठवलं होतं. यंत्र बरोबर होतं. मी ते दुरुस्त केलं.

“मी पुरा शब्द लिहायला पाहिजे होता,” बाई पुढं म्हणाल्या. माझ्या चुकीतला हाही वाटा त्यांनी उचलला, आणि मी तो उचलू दिला. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. निपाणीत लोकांनी विचारलं तेव्हा चहाच्या गाड्यावर मी सांगितलं, की मशीनमध्ये काही नव्हतं, बाईंनी खुणाच अर्धवट केल्या होत्या. हे वाक्य शब्दानं खोटं नव्हतं, आणि तेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

त्या सभेनंतर गावोगावच्या शिबिरांत स्टूल न्यायचा बेत मोडला. पाच-सहा वर्षं बाईंचं कुणी ऐकलं नाही. इतर डॉक्टर त्यांच्यासमोर ‘चूक माझा’ असं म्हणून थट्टा करत. बाई हसून घेत. त्या काळात त्यांनी दुसरा कारागीर शोधला असता तर मला बोलायला जागा नव्हती. सभेनंतर पंधरा दिवसांनी पट्ट्यांचा नवा गठ्ठा माझ्याच दुकानात आला. त्यावर त्यांनी पुरा शब्द लिहिला होता, मराठीत, ‘चुकला’.

आज ते स्टूल नंदगडच्या बाजूला खेड्यांत फिरतं. बायका नेसल्या लुगड्यानिशी त्यावर बसतात, रेघ निघते, आणि ठोका चुकला तर चुकलेलाच दिसतो. नक्कल बसवायची युक्ती मी त्याच आठवड्यात काढून टाकली. काचेखालची पट्टी मात्र काढली नाही. तिच्या मागं आक्काचं नाव आहे. आक्का अजून ठणठणीत आहे, आणि दुकानात आली की गिऱ्हाइकांसमोर विचारते, “काय रं, आज कुणाला पास केलंस?”

मधल्या काळात मी कन्नड लिपी शिकलो. पन्नाशीत, नातवाच्या अंकलिपीवरून. हे मी बाईंना सांगितलेलं नाही. हा लेख वाचून त्यांना कळेल. ज्या डॉक्टरांनी ती सभा पाहिली, त्यांच्यासाठी आणि चहाच्या गाड्यावर ज्यांनी माझं ऐकलं त्यांच्यासाठी, बाईंचंच वाक्य मी इथं व्याकरण नीट करून लिहितो, कारण ते पहिल्यापासून माझंच होतं. चूक माझी आहे.

गेल्या आठवड्यात मी बाईंना स्टुलावर बसायची विनंती केली. ग्रंथात छापायला पट्टी हवी होती. त्या बसल्या, मी शेजारी बसून त्यांचं मनगट धरलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. पंच्याहत्तराव्या वर्षी दोन जागी ठोका चुकला. माझ्या बोटालाही तो लागला. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, “या वयात एखादा तप्पतोच. भिऊ नका. छापा तसंच.”

ती पट्टी या लेखासोबत आहे. दोन्ही जागी मी पेन्सिलीनं कन्नड ‘त’ काढला आहे. माझं अक्षर अजून वळणदार नाही. बाईंना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती उत्तम राहो, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या पट्ट्या काढायचं काम माझ्याकडं राहो. एकही ठोका मी वरून घालणार नाही, आणि शंभरी भरेपर्यंत मोजणं थांबवणार नाही.