नाव आधी तिनं ठेवलं

निखिलचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. "आई, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. अक्का म्हणजे त्याची सासू, माझी विहीण, अकोल्याच्या इंदूताई. बरेच दिवस आजारी होत्या, बातमी कधीतरी येणार हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी माझा लेक लहान मुलासारखा हुंदके देत होता आणि मी फोन कानाला लावून ते ऐकत होते. त्याचे बाबा गेले तेव्हा त्यानं सगळं निमूट केलं होतं, माणसं बोलावली, चहा दिला, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आणि आता तो 'अक्का गेल्या' असंही म्हणाला नव्हता. 'गेली' म्हणाला. आपल्या आईला म्हणतात तसं. विहीण गेली हे कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला जड जातं, पण दुसरं काही लिहिलं तर हा सगळाच लेख खोटा होईल... माझ्या मनात आलं, माझ्यासाठी हा असा रडेल का?

इंदूताईंचा हेवा मी पहिल्या भेटीपासून केला. मुलगी पाहायला आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा मी मनाशी प्रश्न जुळवून नेले होते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे बोलणं आपल्या हातात राहील अशी खात्री होती. तिथं बोलल्या त्या इंदूताईच. पातूरच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा, अकोल्यात लग्नाचे मांडव फुलांनी सजवायचा धंदा, आणि तो नवऱ्यापेक्षा त्याच जास्त पाहायच्या. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज, बोलणं सगळं शुद्ध वऱ्हाडी. मी 'तुम्हाला' म्हणायची, त्या 'तुमाले' म्हणायच्या, आणि घरातली सगळी माणसं त्यांच्याकडे तोंड करून बसलेली. निघताना निखिल म्हणाला, मुलगी आवडली. पुढं म्हणाला, तिची आई फारच मस्त आहे. लग्नानंतर सून प्राजक्ता माझ्याकडे अमरावतीला आली खरी, पण शनिवार आला की दोघं अकोल्याला. परतल्यावर निखिल त्यांच्या हातच्या रोडग्यांचं आणि वांग्याच्या भाजीचं वर्णन करायचा. रोडगे मीही करते.

हे सगळं मी गिळलं असतं. नावाचं मात्र गिळता आलं नाही.

माझ्या आईचं नाव भिवरा. दर्यापूरकडची, काळ्या मातीतली बाई. मी कॉलेजात असतानाच ती गेली. तिचा एक फोटो नाही, सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही, दोन्ही भाऊ तिचा विषय काढत नाहीत. मुलगी झाली तर तिचं नाव भिवरा ठेवायचं हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. मला एकटा निखिल झाला. मग ते नाव मी नातीसाठी राखून ठेवलं. कुणाजवळ बोलले नाही. त्या काळात भिवरा म्हटलं असतं तर लोक हसले असते, पण अलीकडे जुनी नावं परत येऊ लागली होती, शेजारणीच्या पणतीचं नाव सगुणा ठेवलं होतं, आणि मला वाटायचं, आता वेळ आली. पाळण्यापाशी एकदम सांगायचं. सगळे चमकतील, मग विचारतील, हे कुठून काढलं, आणि मी आईबद्दल बोलेन. तेवढ्या एका संध्याकाळसाठी मी कितीतरी वर्षं थांबले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून प्राजक्ता अकोल्याला होती. मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. निखिलला बहीण नाही, म्हणून माझ्या दिराची वैशाली आत्या म्हणून बरोबर आली. वाटेत गाडीत तिला नाव सांगावं असं दोनदा ओठांवर आलं, पण म्हटलं, तिथंच. आम्ही हॉलमध्ये शिरलो आणि समोरच पाळण्यामागे, पिवळ्या शेवंतीनं भरलेल्या पाटीवर, पांढऱ्या शेवंतीत नाव लिहिलेलं होतं. कौतिका. इंदूताईंच्या आजीचं नाव. पोर जन्मल्या दिवसापासून त्या याच नावानं हाक मारत होत्या, आळीतल्या बायकाही मारत होत्या, निखिल-प्राजक्तानं फोनवरच होकार भरला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असंही नाही; त्या घरात इंदूताईंनी एखादी गोष्ट केली की ती सगळ्यांना आधीच ठरल्यासारखी वाटायची.

त्यांनी एखादं इंटरनेटवरचं गुळगुळीत नाव काढलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांनी नेमकं माझ्याच मनातलं केलं होतं. घरातल्या एका विसरलेल्या बाईचं जुनं नाव उचललं होतं, आणि माझ्या आधी. नावही असं की भिवरापेक्षा कानाला गोड. पाळण्याखालून बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं, वैशाली बाळाच्या कानाशी वाकायला निघाली, तेव्हा मी तिच्याकडे वाकले. सांगणार होते. मग सरळ उभी राहिले. वैशालीनं कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि पोरगी कौतिका झाली.

पुढं अमरावतीत जो तो विचारायचा. किती वेगळं नाव, जुनं आणि तरी नवं, तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हीच शोधलं असणार. आणि दर वेळी मला सांगावं लागायचं, नाही, विहीणबाईंनी ठेवलं. कौतिका बोलायला लागली ती 'मले' आणि 'काहून' करत. घरात मी शिकवायची 'का', ती म्हणायची 'काहून'. निखिलला याचं भारी कौतुक होतं.

मग इंदूताईंचं दुखणं निघालं. तपासण्या आणि औषधोपचार अमरावतीत करायचे ठरले, आणि अर्थातच त्या आमच्याकडे उतरल्या. माझ्याच खोलीत त्यांची गादी घातली. औषधांनी केस गेले होते, डोक्याला रुमाल, पण कुंकू तेवढंच मोठं. माझ्या घरात, माझ्या हातची पेज पीत असतानाही माणसं त्यांच्याभोवतीच. निखिल बँकेतून आला की आधी आमच्या खोलीत यायचा, आणि माझ्या पलंगाला वळसा घालून त्यांच्या गादीवर बसायचा.

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी लसूण सोलत होते, त्या भिंतीला टेकून पडल्या होत्या. डोळे मिटलेलेच ठेवून त्या म्हणाल्या, "विहीणबाई, बारशाच्या दिवशी तुमच्या मनात दुसरं नाव होतं ना?"

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं.

"कोनी नाई सांगतलं. तुमी वैशालीपाशी वाकल्या अन् मंग सरळ झाल्या. मी पायलं."

मी म्हटलं, तुम्ही तर फुलांनी लिहूनच ठेवलं होतं. वाकून तरी काय सांगणार.

त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाल्या, "मुद्दाम केलं मी. पोरगी तुमाले देल्ली. नात बी तुमचीच, आडनाव तुमचं, घर तुमचं. रोज सकाळी उठून थे तुमचं तोंड पायनार. मले तुमचा लय हेवा वाटे. मनलं, नाव तरी माह्या घरचं जाऊ द्या."

इतकी वर्षं मी जिचा हेवा केला ती बाई माझा हेवा करत होती, आणि कशाचा, तर रोज सकाळी डबे भरताना, शाळेचा मोजा शोधताना जे मला साधं ओझं वाटायचं त्याचा. त्यांनी विचारलं, काय होतं ते नाव. मी सांगितलं नाही. तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे अशी होती की जी त्यांची नव्हती, ती मला देववेना. त्या हसल्या. म्हणाल्या, "नका सांगू. मीबी नसतं सांगतलं."

त्यानंतर आमचं बरं जमलं असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल. जमलं नाही. पण आम्ही दोघी एकमेकींना न्याहाळत होतो, आणि आता त्यात लपवायचं काही उरलं नव्हतं. दुखणं वाढलं तसं त्यांनी अकोल्याला नेऊन सोडा म्हटलं. तिथंच गेल्या.

तेराव्याला मी अकोल्याला होते. प्राजक्ताला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, आणि जेवणं आटोपल्यावर बायकांत तोच विषय निघाला. इंदूताईंची धाकटी बहीण, प्राजक्ताची मावशी, म्हणाली, मुलगी झाली तर इंदूच ठेवायचं, आपली इंदूच परत येऊन राहिली. सगळ्यांनी डोळे पुसत माना हलवल्या. प्राजक्तानं तेवढ्यात माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, आईंना विचारा, या वेळी त्या सांगतील. खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. त्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते कशामुळे घडत होतं तेही मला दिसत होतं. समोर फोटोला हार होता.

मी म्हटलं, "मुलगी झाली तर भिवरा. माझ्या आईचं नाव."

मावशींनी नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "चांगलं हाय. आमच्या इंदूले लय आवडलं असतं." बाकीच्यांनीही तेच म्हटलं, इंदूला आवडलं असतं. माझ्या आईच्या नावाला शेवटी मान्यता मिळाली ती अशी. मी पानाचा डबा पुढं ओढला आणि सुपारी कातरत बसले.

आता आम्ही अमरावतीला परतलो आहोत. बाळंतपण इथंच होईल, बारसं इथंच होईल, शनिवारीही निखिल-प्राजक्ता घरीच असतात. सगळं माझ्याकडे आलं आहे. परवा संध्याकाळी कौतिका अंगणात खेळत होती. दिवेलागण झाली म्हणून मी तिला हाक मारली, बाळ, आत ये. मी तिला बाळच म्हणते. ते नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. ती जागची हलली नाही. पुन्हा बोलावलं तर तिथूनच म्हणाली, "असा नाही. अक्कासारखा आवाज दे."

इंदूताई तिला हाक मारायच्या ती अख्ख्या आळीला ऐकू जायची. शेवटचं अक्षर ओढून, थोडं वर नेऊन, जणू मळ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी उभं आहे. मी इकडं तिकडं पाहिलं. प्राजक्ता आत झोपली होती. मग दारात उभी राहिले आणि जमेल तसं ओरडले, "कौतिकेऽऽ..."

पोर धावत आली. पायऱ्या चढून, माझ्या बाजूनं निसटून थेट आत गेली, आणि मधल्या खोलीत थांबून इकडं तिकडं पाहू लागली.