फुकटचा वेळ भैरवीला पुरत नाही

हॉटेलातून आलेले प्लॅस्टिकचे डबे घरात साठतात ना, तसे आमच्या भजनी मंडळाकडे मोबाइलवरच्या फुकट गोष्टींचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत!

मंडळ म्हणजे आम्ही चौघी. कुणाचा नवरा फौजेत, कुणाचा मुलगा डॉक्टर, म्हणून चंडीगडला येऊन पडलेल्या. दर गुरुवारी सेक्टर बावीसला मंगलाच्या घरी भजन. पेटी मंगलाची, टाळ माझे नि विमलचे, आणि शेवटची भैरवी शालिनीची. ती दुसऱ्या कुणी म्हणायची नाही, असा नेमच.

मग शालिनीला मुलानं बंगळूरला नेलं. घरात दिवसभर इंग्रजी. "गुरुवारी तेवढं मला फोनवर घ्या गं," म्हणाली. "त्याच्यावर आठवडा काढीन."

घेतलं. मुलानंच व्हिडिओ कॉलचं ॲप घालून दिलं, फुकटातलं. चाळीस मिनिटं झाली की आपोआप बंद!

*

पहिल्याच गुरुवारी शालिनीनं भैरवीला डोळे मिटले, सूर लावला, आणि पडदा काळा.

मंगलानं फोन परत लावला. पण तिकडे शालिनीला तो घेता येईना. सून एकदा जोडून देऊन आपल्या मीटिंगला बसलेली.

शालिनीनं मुलाला सांगितलं. तो म्हणतो, "आई, फ्रीमध्ये होतंय ना? भजनाला कुणी पैसे भरतं का?"

सिनेमे बघायला मात्र त्यानं तीन ठिकाणी भरलेत.

"आम्ही भरतो रे बाबा," मी म्हटलं. तर त्याला ते लागलं. "काकू, पैशांचा प्रश्न नाही!"

नव्हताच. म्हणून त्यानं भरलेही नाहीत.

*

विमलचे यजमान रिटायर्ड सुभेदार. कुठलासा योगाचा क्लास घेतला मोबाइलवर, पहिला महिना फ्री. दुसऱ्या महिन्यापासून पेन्शनमधून पैसे जायला लागले. बंद करायचं बटण काही मिळेना. चष्मा लावून झाला, काढून झाला.

विमल म्हणाली, "अहो, बर्फात शत्रू शोधून काढायचात, आणि एक बटण सापडेना?"

"शत्रू निदान गोळी झाडायचा गं! कुठे आहे ते कळायचं!"

*

माझी नात सेक्टर चौतीसला क्लासला जाते. मराठी कळतं, बोलायचं मात्र हिंदी. घरी मोबाइलवरही अभ्यास, तोही फुकटचा. एक दिवस हात कपाळाला लावून बसली.

"आजी, यार, सवाल फ्री है, जवाब के पैसे लगते हैं!"

"मग आजवर काय शिकलीस तू?"

"सवाल."

*

बावीसच्या मार्केटातला भाजीवाला पिशवीत मूठभर कोथिंबीर टाकतो. "ये फ्री है, माताजी." किती वर्षं टाकतोय. माझी जन्मतारीख त्यानं अजून विचारली नाही. बटाटे निवडताना मध्येच येऊन जाहिरातही म्हणून दाखवली नाही. आता कुणी फ्री म्हटलं, की त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणावर माझा विश्वास बसत नाही.

*

पुढे शालिनी अंथरुणाला खिळली. आवाज खोल गेला, पण गुरुवारी उशीला टेकून बसायचीच. आम्ही अभंग कमी केले, बोलणं कमी केलं. तरी तिला धाप लागण्यातच वेळ जायचा. भैरवी कधी पोचलीच नाही.

मी म्हटलं, "शालिनी, नेम गेला खड्ड्यात. तू आधी भैरवीच म्हण बाई."

ती हसली. "भैरवी झाली की उठायचं असतं गं. मला अजून बसायचंय तुमच्यात."

त्या दिवशीही पडदा काळा झाला. तिच्या तोंडावर हसू होतं तेवढ्यात.

*

ती गेल्यावर तेराव्याला मुलानं फोन लावला. पडद्यावर शालिनीचा हार घातलेला फोटो, शेजारी तो. डोळे सुजलेले.

"काकू, आईसाठी भजन म्हणाल? सावकाश म्हणा. मी प्लॅन घेतलाय, वर्षभराचा. आता मध्येच कट होणार नाही."

म्हटलं. एकामागून एक सगळे अभंग म्हटले. फोन खरंच बंद झाला नाही. मग अभंग संपले.

मंगलानं पेटीवर भैरवीचा सूर धरला.

कितीतरी वेळ नुसता धरूनच ठेवला.