सिस्टर झोपून घर बघते

भाड्याचं घर बघायला गेल्यावर लोक नळ सोडून बघतात, भिंतीची ओल चाचपतात. ही कामं सिस्टरचा नवरा हौसेने करायचा. दिसेल ते बटण दाबणार, सापडेल ती कडी हलवणार. सिस्टर मात्र पिशवीतून चादर काढायची, रिकाम्या खोलीत अंथरायची आणि भर दुपारी चक्क आडवी व्हायची. घरमालकांची तोंडं अगदी बघण्यासारखी होत.

ती हॉस्पिटलात कायमच्या रात्रपाळीची नर्स. जग कामाला लागतं तेव्हा हिची रात्र सुरू होते. राहत्या घराशेजारी नवी इमारत उभी राहू लागली आणि तिच्या झोपेचं पार खोबरं झालं. त्यात मागच्या आठवड्यात एका पेशंटचं इंजेक्शन तिने दुसऱ्याच्याच दंडापर्यंत नेलं. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं, पण तेव्हापासून तिला स्वतःचीच धास्ती वाटत होती.

"मला झोप लागेल असं घर हवं," ती नवऱ्याला म्हणाली. "बाकी नळ गळला तरी चालेल."

"गळला तर त्याच्याच आवाजाने उठशील," नवरा म्हणाला.

पहिलं घर शाळेच्या मागे निघालं. दुसऱ्यात वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास. तिसऱ्या घरात मात्र तिने पाठ टेकली आणि डोळा लागला. उठली ती चांगली टवटवीत होऊन. "हेच घ्यायचं!" हे ऐकताच घर दाखवणारा एजंट करारपत्र आणायला पळाला.

घरमालकीणबाई दारात घुटमळत होत्या. "नका घेऊ बाई," त्या म्हणाल्या. "खाली वेल्डिंगवाला आहे. तुम्ही इतक्या गाढ झोपलात, मला उठवायला जीव होईना. त्याला म्हटलं, बाबा रे, जरा दम खा. पण तो रोज कुठला थांबायला?"

सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या झोपेसाठी आजवर कुणी साधा रेडिओ बंद केला नव्हता. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आता मशीन चालू करायला सांगा."

खाली लोखंड कापायला सुरुवात झाली, तशा पुढच्या खोलीच्या काचा थरथरल्या. सिस्टर चादर घेऊन मधल्या खोलीत गेली आणि कपाळाला आठ्या घालून परत आली. राहिली होती फक्त मागची अडगळीची खोली. वर एक झरोका, खाली कशीबशी एका गादीची जागा. सिस्टरने आत जाऊन दार लोटलं.

बराच वेळ ती बाहेर आली नाही. नवऱ्याने दाराला कान लावला. आत ती मस्त घोरत होती. एरवी त्या घोरण्यावर तो नाक मुरडायचा. आज ऐकतच राहिला.

तेवढ्यात करारपत्र घेऊन एजंट आला. "मॅडमची सही हवी. उठवा ना, मला पुढे जायचंय."

"मग जाऊन या," नवरा म्हणाला आणि दाराला पाठ लावून भुईवर बसला. "तिची आत्ता मध्यरात्र आहे."